विनाकारण बंद असलेले फाटक

मी एक जुने रेल्वे फाटक आहे. खरे तर आता फाटकही नाही. स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत, गंजलेल्या रुळांच्या तुकड्यांशेजारी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक लांब दांडा पडला आहे, तो मी. मला वर-खाली करणारे चाक कुणीतरी काढून नेले. माझी घंटा कुठे गेली, मला ठाऊक नाही. मित्रांनो, तुम्ही रोज रुळांखालच्या भुयारी रस्त्याने शाळेत जाता. तुमच्यापैकी कुणालाच माझ्यापाशी कधी थांबावे लागले नाही. थांबावे लागले असते, तर तुम्हीही मला शिव्याच दिल्या असत्या.

आपली कहाणी जन्मापासून सांगायची असते. मी मात्र एका मंगळवारपासून सुरू करणार आहे, कारण तो शेवटचा साधा दिवस होता.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी खाली होते. अलीकडे पंचवीस-तीस वाहने, पलीकडे तितकीच. गेटमनकाका केबिनच्या दारात गुंडाळलेले हिरवे निशाण काखेत धरून उभे होते. त्यांना सगळा गाव काका म्हणे. त्यांची निवृत्ती अकरा महिन्यांवर आली होती आणि उजवा गुडघा त्याआधीच निवृत्त झाला होता, असे ते स्वतःच सांगत. त्यांची मुलगी माझ्याशेजारी उभी होती. ती पलीकडच्या वाचनालयात काम करत असे. काकांचे दोन खोल्यांचे घर रुळांच्या अलीकडे, म्हणून तिला रोज मला ओलांडावे लागे.

"बाबा, डबा विसरलात. रोज काय हे?"

"विसरलो नाही. म्हटलं, तू इथं थांबणारच आहेस, आणशील."

"थांबणारच. तीस वर्षं थांबतेय."

"मग एकतिसाव्याला काय धाड भरली?"

मागून एक स्कूटरवाला ओरडला, "ओ काका, गाडी येतेय की वाटेत झोपली?"

"येतेय, येतेय. तिलाही तुमच्याइतकीच घाई आहे."

मुलगी हसली नाही. तिने डबा खिडकीत ठेवला, पर्सचा बंद दोनदा नीट केला आणि म्हणाली, "बाबा, ते पत्र..."

"कुठलं?"

"ऑफिसात गेलेलं. तुमच्याविरुद्धचं."

"त्याचं काय?"

तेवढ्यात गाडी आली. बावीस डबे होते. काकांनी निशाण उघडून धरले आणि नेहमीप्रमाणे शेवटच्या डब्यातल्या गार्डशी नजर मिळेपर्यंत खाली घेतले नाही. धूळ खाली बसल्यावर ते वळले. "हं, काय म्हणत होतीस?"

"काही नाही. भाजीत मीठ कमी पडलंय, वरून घ्या."

"घेतो. जा आता, विनाकारण उशीर होईल."

त्या एका शब्दावर ती जराशी थबकली. मग मी वर गेले आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली.

तिला काय सांगायचे होते, ते मला माहीत होते. ते पत्र तिनेच लिहिले होते.

आता सुरुवातीपासून सांगते. माझा जन्म एका कारखान्यात झाला. मी एक लांब नळी, तिच्या एका टोकाला वजनाची लोखंडी पेटी, म्हणजे मला उचलताना माणसाची ताकद कमी लागावी. शेजारी एक चाक, चाकाला दांडी. दांडी फिरवली की मी वर, उलटी फिरवली की खाली. रंगाऱ्याने माझ्यावर पट्टे ओढले आणि शेवटचा पट्टा त्याच्याकडून वाकडा गेला. तो वाकडाच राहिला. पुढे कित्येकदा मला रंगवले, पण प्रत्येकाने जुन्या रेघेवरूनच ब्रश फिरवला.

मला उभे केले त्याच वर्षी काका नोकरीवर आले. सोबत बायको आणि चार महिन्यांची मुलगी. बायको पुढे फार जगली नाही. काका, मुलगी आणि मी, असे आमचे तिघांचे घर झाले म्हणायला हरकत नाही. मी घरातच नव्हते, एवढाच फरक.

मित्रांनो, फाटक इतक्या लवकर का बंद होते, हे तुम्हाला कुणी सांगितले आहे का? मला बंद पाहून चिडलेल्या हजारो माणसांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की उघडणार कधी. म्हणून नीट ऐका. गाडी माझ्यापासून आठ मिनिटांवरच्या स्टेशनात उभी असे. तिथून फोन येई. काका आधी मला खाली घेत, कुलूप लावत, दोन्हीकडे एकदा पाहत आणि मग फोनवर सांगत, "फाटक बंद." त्यानंतरच तिकडे गाडी सुटे. कारण एकदा सुटलेली गाडी कुणासाठी चटकन थांबू शकत नाही. ड्रायव्हरने ब्रेक लावला तरी ती जवळजवळ एक किलोमीटर घसरत येते. मला सिग्नल जोडलेला नव्हता. मी उघडे आहे की बंद, हे ड्रायव्हरला दुरून कळण्याची काही सोय नव्हती. त्याला माहीत होते ते इतकेच, की कुणीतरी फोनवर "फाटक बंद" म्हणाले आहे.

रुळांच्या जोड्या दोन होत्या. पुष्कळदा एका बाजूची गाडी जाते न जाते तोच दुसऱ्या बाजूची निघालेली असे. अशा वेळी काका मला वर घेत नसत. दोन गाड्यांमध्ये दहा मिनिटांपेक्षा कमी अंतर असेल तर उघडायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. लोकांना दिसायचे एवढेच, की गाडी गेली तरी फाटक खालीच. पलीकडून येणारी दुसरी त्यांना दिसत नसे. ते वाकून माझ्याखालून निघत. काका हात पसरून आडवे जात आणि ओरडत, "अजून एक आहे! अजून एक!" तीस वर्षांत त्यांनी हे किती वेळा म्हटले असेल, याची मोजदाद नाही. त्या तीस वर्षांत माझ्यापाशी एकही माणूस मेला नाही. एका वर्षी त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळाले. ते त्यांनी केबिनमध्ये लावले, कारण तिथल्या भिंतीला ओल होती आणि डाग झाकला जाईल असे त्यांना वाटले.

मुलगी नऊ वर्षांची असताना एकदा तीही माझ्याखालून वाकून गेली. शाळेत पहिला तास गणिताचा होता. काकांनी तिला पलीकडे गाठले, दंडाला धरून परत आणले आणि सगळ्यांदेखत एक थोबाडीत दिली. मग गाडी जाईपर्यंत तिला माझ्याशेजारी उभे केले. ती रडली नाही. त्यानंतर ती कधी वाकून गेली नाही, परीक्षेच्या दिवशीसुद्धा नाही. मुलांनी तिचे नाव "फाटकी" ठेवले होते. आधी ते नुसते फाटकावरून होते. मग एकदा तिच्या गणवेशाची शिवण उसवली आणि त्या नावाला दुसरा अर्थ आला. तो चिकटला तो कायमचा.

"अगं, फाटकी म्हणजे फाटकाची मालकीण," काका समजूत घालत. "त्यांना म्हणावं, मी म्हटलं तर तुम्ही सगळे इथंच उभे."

"बाबा, विनोद नका करू."

ती पुस्तकांकडे वळली. मी खाली असताना ती माझ्या वजनाच्या पेटीला टेकून वाचत उभी असे. वाचनालयातली जवळजवळ निम्मी कपाटे तिने अशी उभ्याउभ्याच वाचली. पुढे त्याच वाचनालयात तिला काम मिळाले, तेव्हा काकांनी ओळखीच्या प्रत्येक गाडीच्या गार्डाला हात वर करून ती बातमी सांगितली. त्यांना ऐकू काय आले असेल, देव जाणे. ते हसून हात हलवत निघून गेले.

गाव वाढले. पलीकडे वसाहती झाल्या, अलीकडे दवाखाने आणि शिकवण्या. जिथे दहा सायकली थांबत, तिथे साठ गाड्या थांबू लागल्या. आणि माणसे रस्ता भरून थांबू लागली. ज्याला मागे उभे राहायचे नाही तो उजव्या बाजूने पुढे येई. पलीकडचेही तेच करीत. मी वर गेले की दोन्हीकडच्या पहिल्या रांगा समोरासमोर, नाकाला नाक लावून उभ्या. कोण मागे हटणार? हॉर्न सुरू होत आणि शिव्या काकांना मिळत.

वाचनालयात एक आजोबा रोज येत. नोकरीत असताना ते हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर त्यांना अर्ज करण्याचा नाद लागला. पाणी, दिवे, मोकाट कुत्री, कशावरही अर्ज. त्यांना सगळे अर्जवाले आजोबा म्हणत. एक दिवस त्यांनी माझ्यावर अर्ज करायचे ठरवले. विषय त्यांचा, पण भाषा कोण देणार? वाचनालयातल्या ताईंची भाषा उत्तम. त्यांनी तिला गळ घातली, "तुम्ही फक्त मसुदा करा. नाव कुठं येणार नाही. टाइप करून घेतो." त्या आठवड्यात ती माझ्यामुळे तीनदा उशिरा पोचली होती आणि ग्रंथपालबाईंनी सगळ्यांसमोर म्हटले होते, "यांचं घरचंच फाटक आहे, यांना तरी वेळ कळायला हवी."

तिने लिहून दिले.

हे सगळे मला कसे कळले? आजोबा सह्या घ्यायला माझ्याचपाशी आले. लोक एका जागी आयते उभे असलेली गावातली तेवढीच जागा होती. माझ्याच पेटीवर कागद ठेवून त्यांनी माझ्याविरुद्ध दोनशे सोळा सह्या घेतल्या. आणि मोठ्या अभिमानाने एकेक ओळ वाचून दाखवली: "फाटक विनाकारण दीर्घकाळ बंद ठेवले जाते आणि नागरिकांच्या आयुष्यातले तास फाटकापाशी सांडून जातात."

"वा! कुणी लिहिलं?" एका मास्तरांनी विचारले.

आजोबा आवाज खाली घेऊन म्हणाले, "वाचनालयातल्या ताईंनी. पण बोलू नका हं, त्या ह्याचीच मुलगी."

"काय सांगता!"

"भाषा बघा ना पण. सांडून जातात!"

काका तेव्हा रुळांपलीकडे निशाण धरून उभे होते.

महिन्याभरात वरच्या ऑफिसातून त्या पत्राची नक्कल आली आणि सोबत एक ओळ: सात दिवसांत खुलासा करावा. काकांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचले. रविवार होता. ते घरी जाऊन मुलीला केबिनमध्ये घेऊन आले, कारण ड्यूटी सोडून जास्त वेळ बसता येत नसे. तिच्या हातात त्यांनी कागद दिला, पेन दिले आणि स्वतःची खुर्ची दिली.

"तूच लिही गं. माझी भाषा म्हणजे निशाण दाखवण्यापुरती."

मित्रांनो, त्या क्षणी तिने सांगायला हवे होते. मी पाहत होते. तिने पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. काका मात्र पत्राकडेच बघत होते.

"ज्यानं कुणी लिहिलंय, त्याला शाळा चांगली मिळालीय. 'आयुष्यातले तास सांडून जातात.' आपल्याला सुचेल का असं?"

"बाबा, तुम्हाला काय लिहायचंय ते सांगा."

"लिही. उशीर फाटकामुळं होत नाही. उघडल्यावर होतो. दोन्हीकडचे लोक रस्ताभर पसरून समोरासमोर उभे राहतात, मग बाटलीला दोन्हीकडून बूच बसल्यासारखं होतं. मी घड्याळ लावून पाहिलंय. सगळे आपापल्या डाव्या हाताला राहिले तर दोन मिनिटांत रस्ता मोकळा. नाही राहिले तर नऊ."

"कधी राहिले डाव्या हाताला?"

"एकदा. त्या दिवशी हवालदार स्वतःच अडकला होता. त्याच्यापुढं सगळे कसे सरळ!" ते हसले. "म्हणून लिही, मध्ये पांढरी रेघ मारा, दुभाजक घाला. आणि फाटकाला सिग्नल जोडा. फाटक उघडं असलं तर गाडीला आपोआप लाल मिळू दे. आत्ता गाडी आणि माणसं यांच्यामध्ये मी एकटा आहे. मी आणि माझा गुडघा. हे पण लिही. नको, गुडघ्याचं नको."

ती लिहीत गेली. चार पाने झाली. गाडीची वेळ झाली तसे काका बाहेर आले. केबिनच्या खिडकीतून मला ती दिसत होती. तिने चारही पाने सावकाश वाचली. चांगली झाली असणार. वाचताना तिचे ओठ हलत होते. मग तिने ती मधोमध फाडली, पुन्हा फाडली आणि तुकडे पर्समध्ये टाकले. नवा कागद घेऊन पाच ओळी लिहिल्या. का, ते मला तेव्हा कळले नाही.

काका आत आले. त्यांनी कागद मोठ्याने वाचला. "महोदय, मी नेमून दिलेले काम नियमाप्रमाणे करतो. तक्रारीत तथ्य नाही. फाटक मुद्दाम बंद ठेवले जात नाही. तरी यापुढे अधिक काळजी घेईन. कळावे." त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. "रेघेचं राहिलं का?"

"साहेबांना लांबलचक आवडत नाही, बाबा."

"आणि सिग्नलचं?"

"ते त्यांना माहीतच असतं."

"बरं. आटोपशीर झालंय. तू म्हणतेस म्हणजे बरोबरच असेल." त्यांनी सही केली. सही करताना ते नेहमी जीभ दातांत धरत.

त्या दिवसापासून "विनाकारण" हा शब्द त्यांच्या तोंडी बसला. "चल, विनाकारण चहा घेऊ." "विनाकारण पाऊस आला बघ." ते मुलीसमोर मुद्दाम म्हणत की सहज, ते मला सांगता येणार नाही. त्यांना कळले होते का, तेही सांगता येणार नाही. त्यांच्या आवाजात राग कधी नव्हता.

हुकूम आला तो साहेबांनी स्वतः आणून दिला. एक गाडी गेल्यावर दुसरीला चार मिनिटांहून अधिक अवधी असेल, तर फाटक उघडावे.

"साहेब, चार मिनिटांत उघडता येतं," काका म्हणाले. "रिकामं होत नाही."

"पब्लिकचंही बघावं लागतं, काका. दोनशे सोळा सह्या आहेत."

"एखादी गाडी मध्ये अडकली तर?"

"तुम्हीच लिहून दिलंय ना, अधिक काळजी घेईन म्हणून? मग घ्या."

काकांनी काळजी घेतली. तीन आठवडे ते चार मिनिटांत मला वर घेत, रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हातांनी लोकांना रेटत, वाट काढत आणि धावत येऊन मला खाली घेत. संध्याकाळी त्यांचा गुडघा सुजलेला असे. लोक खूश होते. आजोबांनी वाचनालयात पेढे वाटले म्हणतात.

मग तो मंगळवार आला, आणि गेला. त्यानंतर बुधवार.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एका बाजूची पॅसेंजर गेली. दुसऱ्या बाजूची एक्स्प्रेस पाच मिनिटांवर होती. पाच म्हणजे चारपेक्षा अधिक. काकांनी मला वर घेतले. दोन्हीकडून लोंढा आत घुसला आणि बरोबर मध्ये प्लास्टिकच्या टाक्या लादलेला एक टेम्पो अडकला. त्याचे मागचे चाक रूळ आणि डांबर यांच्यामधल्या फटीत गेले. समोर स्कूटर, मागे मोटार. त्याला पुढे जाता येईना, मागे येता येईना. काकांनी घंटा वाजवली, ओरडले, मोटारीच्या टपावर थापा मारल्या. "मागं घ्या! गाडी येतेय, मागं घ्या!" मोटारवाल्याने काच खाली केली आणि म्हणाला, "आधी त्याला सांगा मागे घ्यायला."

काकांनी फोन उचलला. गाडी केव्हाच सुटली होती.

त्यांनी लाल निशाण घेतले आणि रुळांमधून गाडीच्या दिशेने पळत सुटले. मागून कुणीतरी ओरडले, "काका, कुठं निघालात? आधी हे सोडवा!"

वर उभे असले की मला लांबचे दिसते. सत्तावन्न वर्षांचा एक माणूस, एक पाय ओढत, दगडांवरून पळत होता. निशाण डोक्यावर धरले होते. मी विजेचे खांब मोजत होते. ते अकराव्या खांबापर्यंत गेले. तिथे वळण आहे. वळणापलीकडून ड्रायव्हरला ते दिसले आणि मला गाडीची शिट्टी ऐकू आली, लांब, मग ब्रेकचा आवाज. काका रुळांतून बाजूला झाले. गाडी त्यांना ओलांडून, कण्हत, माझ्यापासून तीन खांबांवर येऊन थांबली.

काका दगडांवर बसले. मग हळूच आडवे झाले. निशाण हातातच होते.

इकडे आठ-दहा जणांनी टेम्पो ढकलून बाहेर काढला. आणि मग काय झाले, ते तुम्हाला सांगायलाच हवे. रस्ता सुरू झाला. गाडी थांबलीच आहे तोवर चला, असे म्हणत दोन्हीकडची माणसे निघाली, मागची आली, तीही निघाली. अलीकडची पलीकडे, पलीकडची अलीकडे. मी वरच होते, कारण मला खाली घेणारे कुणी नव्हते. त्या दिवशी मी एकवीस मिनिटे सलग उघडी वाट दिली. एकही हॉर्न वाजला नाही. एक बाई मागे बसलेल्या बाईला म्हणाली, "बघ, मनात आणलं तर कसं पटापट होतं." ड्रायव्हर खाली उतरून अकराव्या खांबाकडे धावत होता, ते कुणी वळून पाहिले नाही.

संध्याकाळी सहा वाजता मुलगी परत आली. तिला अजून कुणी कळवले नव्हते. वाचनालयाचा फोन बंद होता. मी वर होते. ती सवयीने थांबली, माझ्याकडे पाहिले, मग पुढे निघाली. केबिनच्या खुर्चीत कुणी दुसराच माणूस बसला होता. त्याने उभे राहून टोपी काढली.

चौकशी झाली. अहवालात लिहिले: अपघात टळला, जीवितहानी नाही, गाडीस चोवीस मिनिटे विलंब. विलंबाचे कारण, फाटक वेळेत बंद झाले नाही. काकांचे मरण वेगळ्या कागदावर गेले, कारण ते हृदय बंद पडून आले होते आणि हृदय रेल्वेच्या मालकीचे नव्हते.

तेराव्या दिवसानंतर अर्जवाले आजोबा केबिनपाशी आले. मुलगी काकांचे सामान न्यायला आली होती. ते डोळे पुसत म्हणाले, "ताई, काकांच्या नावानं काहीतरी व्हायला हवं. मी अर्ज करणार आहे. तुम्ही मसुदा कराल का?"

"मी आता लिहीत नाही," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी रस्त्याच्या मध्ये पांढरी रेघ आली. मग दुभाजक. चार मिनिटांचा हुकूम गुपचूप मागे घेतला गेला. वर्षाच्या आत मला सिग्नल जोडला. मी उघडे असेन तर गाडीला लाल. मी पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय हिरवा नाही. नवा गेटमन खुर्चीत बसून बटण दाबू लागला. गर्दी तितकीच होती, पण रस्ता दोन मिनिटांत मोकळा होई. मी मोजले आहे. पुढे भुयारी रस्ता झाला आणि माझी गरजच संपली. उद्घाटनाला फीत कापली, भाषणे झाली. नागरिकांच्या पाठपुराव्याला यश आले, असे एक पाहुणे म्हणाले.

मित्रांनो, आता मी तुम्हाला काळजी घ्या असे सांगायचे असते. सांगते. अजून पुष्कळ गावांत फाटके आहेत. तिथे थांबाल तेव्हा आपल्या डाव्या हाताला थांबा, समोरच्याची वाट अडवू नका. माझ्यासारख्याच्या खालून वाकून जाऊ नका. एक गाडी गेली म्हणजे सगळ्या गेल्या, असे नसते. आणि उशीर झाला, राग आला, तर जो माणूस तिथे निशाण धरून उभा आहे त्याला आधी विचारा, "काका, का बंद आहे?" तो सांगेल. कुणीतरी विचारावे म्हणून तो कित्येक वर्षे वाट पाहत असतो. एवढे करून तुम्हाला कंटाळा आला, तर खुशाल अर्ज करा.

गेल्या आठवड्यात काकांची मुलगी इथे आली होती. केस बरेच पिकले आहेत. शेजारच्या गोदामाच्या राखणदाराने हटकले, "ताई, भंगारात काय शोधताय?"

"काही नाही. बसते थोडा वेळ."

"ऊन आहे."

"असू दे."

तो गेला. ती रुळांखाली घालायच्या जुन्या स्लीपरांच्या ढिगावर बसली. तिच्या हातात पुस्तक नव्हते. माझ्याकडे तिने पाहिले, पण ती माझ्याशी बोलणार नव्हती, हे मला लगेच कळले. दूर मुख्य रुळांवरून एक मालगाडी जात होती. गाडी संपेपर्यंत ती थांबली. शेवटचा डबा गेला. सगळीकडे शांत झाले, आणि आता मध्ये यायला काही उरले नव्हते.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, समोर कुणी बसले असावे तशी. "ते पत्र मी लिहिलं होतं. ते तुम्हाला कळलं असेल, मला वाटतं. पण दुसरं नसेल कळलं. तुमचा खुलासा मी मुद्दाम वाईट लिहिला. चांगला लिहिला होता आधी, तुम्ही सांगितला तसाच. वाचला, आणि भीती वाटली, की दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे साहेबांना ओळखू येईल. म्हणून फाडला. तुमचं सगळं बरोबर होतं, बाबा. लिहितानाच मला कळत होतं, बरोबर आहे. तरी फाडला."